पांढऱ्या ट्रॉली, काळा ओटा आणि मधली दोन फूट भिंत : नागपुरातल्या एका स्वयंपाकघराचे प्रकरण

पार्श्वभूमी

त्रिमूर्तीनगरातली वीस-बावीस वर्षांची जुनी इमारत, दुसरा मजला. प्रश्न होता पांढऱ्या ट्रॉली आणि काळा ओटा यांच्या मधल्या भिंतीवर कोणती टाइल लावायची याचा. घरात चौघे: साठी ओलांडलेल्या काकू, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत. मापे आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळे काही त्या क्रमावरच अवलंबून होते.

स्वयंपाकघर आठ बाय दहा फुटांचे. ओटा एल आकाराचा, लांब बाजू 10 फूट आणि आखूड बाजू 6 फूट. लांब बाजूला गॅस आणि चिमणी. आखूड बाजूला पश्चिमेची खिडकी आणि तिच्याखाली सिंक. ओट्यावरचा जेट ब्लॅक ग्रॅनाइट इमारत झाली तेव्हाचा, पण अजून ठणठणीत. फरशी क्रीम रंगाची, विट्रिफाइड, घरभर तीच. ओट्यामागे दोन फुटांपर्यंत 8 बाय 12 इंची पिवळसर टाइल आणि मधे मधे द्राक्षांचे घोस असलेले तुकडे. गॅसमागचे जॉइंट हळदीने आणि तेलाने तपकिरी पडले होते आणि कितीही घासले तरी पुन्हा उजळत नव्हते.

खर्चाची मर्यादा स्पष्ट होती. ग्रॅनाइट आणि फरशी राहणार. बदलणार होत्या त्या ट्रॉली, वरची कपाटे, ओट्यामागची टाइल आणि विजेचे पॉइंट. माझ्याकडे टाइल निवडायचे काम आले तोवर सुतार ठरला होता, लकडगंजातून प्लाय आले होते आणि ॲक्रिलिकच्या पांढऱ्या शटरची, म्हणजे ट्रॉली-कपाटांच्या दारांची, ऑर्डरही गेली होती. मुदत एकच होती: महालक्ष्म्यांच्या आधी स्वयंपाकघर चालू झाले पाहिजे. सोळा भाज्या, पुरण, आंबील असा सगळा स्वयंपाक या घरात घरच्याच ओट्यावर होतो, त्यामुळे ती तारीख पुढे जाणार नव्हती.

नेमका प्रश्न

सुनेने सुरुवातीलाच विचारले, "ताई, पांढऱ्या ट्रॉलीवर कोणतीही टाइल चालते ना?" दुकानातही हेच सांगतात. माझा अनुभव असा की टाइलची खरी परीक्षा पांढऱ्या शटरशेजारीच होते, कारण पांढरा हा एक रंग नसून रंगांचे एक मोठे कुटुंब आहे. कुणी निळ्याकडे झुकतो, कुणी पिवळ्याकडे, कुणी गुलाबीकडे. एकटा असताना प्रत्येक पांढरा पांढराच दिसतो. दोन वेगळे पांढरे शेजारी आले की दोघांतला एक मळका वाटू लागतो.

इथे शटरचा पांढरा निळसर होता. कपाटांच्या आतले लॅमिनेट किंचित पिवळट पांढरे होते, पण शटर बंद असताना ते दिसणार नव्हते, म्हणून ते मी हिशेबात धरले नाही. फरशी क्रीम. ग्रॅनाइट काळा. म्हणजे खाली उबदार रंग, वर थंड रंग आणि मधे एक काळी रेघ. ओट्यामागच्या पट्टीला या तिघांशी जुळवून घ्यायचे होते, आणि ती पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येणार होती.

दुसरा भाग उजेडाचा. बोलणी सुरू झाली तेव्हा एप्रिल होता. नागपुरात त्या दिवसांत पश्चिमेच्या खिडकीला हिरवी जाळी लागतेच, इथेही लागली होती. जाळीतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो आणि समोरचे सगळे त्याच रंगात बुडते. जाळी मार्चअखेरीस चढते आणि पाऊस स्थिरावला की उतरते. म्हणजे वर्षातले तीनेक महिने एक उजेड आणि बाकीचे महिने दुसरा. शिवाय छताला 6500 केल्विनची एलईडी ट्यूब होती, दुकानदार जिला कूल डे लाइट म्हणतात ती. केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा वाढला की उजेड निळसर आणि कमी झाला की पिवळसर. तिचा उजेड निळसर, म्हणजे शटरचा निळेपणा वाढवणारा.

तिसरा भाग माणसांचा. मुलाला इटालियन संगमरवरासारखी मोठी टाइल हवी होती. सुनेने फोनवर निळ्या-पांढऱ्या मोरक्कन नक्षीची चित्रे साठवून ठेवली होती. काकूंचे म्हणणे इतकेच की पुसायला सोपी हवी. या घरात आठवड्याला एकदा तरी तर्रीवाला रस्सा होतो, त्यामुळे त्यांचे म्हणणे मी सर्वांत आधी लिहून घेतले.

समोरचे पर्याय

शुभ्र पांढरी चकचकीत टाइल, 3 बाय 12 इंची, विटांसारखी रचलेली, हा सर्वांना माहीत असलेला पर्याय. या टाइलची मूळ 3 बाय 6 इंची बहीण 1904 मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांमुळे प्रसिद्ध झाली. हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुकारांनी ती तिथे वापरली. जमिनीखाली उजेड कमी आणि भिंत धुता येण्यासारखी हवी, या दोन्ही गरजा तिने भागवल्या. ओट्यामागेही त्याच दोन गरजा असतात, म्हणून पर्याय मुळातच चुकीचा नव्हता. अडचण जॉइंटची होती. चिमणीमागची उंच पट्टी धरून आणि खिडकी वजा करून आमची भिंत सुमारे 35 चौरस फूट भरली. 3 बाय 12 च्या टाइलला एवढ्या भिंतीत साधारण 175 फूट लांबीचे जॉइंट येतात. त्यातली प्रत्येक रेघ फोडणीच्या टप्प्यात.

मुलाची संगमरवरी टाइल 2 बाय 4 फुटांची. जॉइंट अगदी कमी, हा तिचा मोठा गुण. पण नमुन्याचा मूळ पांढरा निळसर आणि रेषा राखाडी, त्यामुळे ती शटरशी जमली आणि फरशीपासून तुटली. शिवाय मोठ्या टाइलवरच्या रेषांचे सौंदर्य ती सलग असण्यात आहे. दोन फुटांची पट्टी, त्यात चार स्विचबोर्ड आणि एक खिडकी, इथे ती रेष सतत कापली जाणार होती.

मोरक्कन नक्षीबद्दल मी सुनेशी बराच वेळ बोलले, कारण ती निवड मनापासून होती. नक्षी पांढऱ्या शटरसमोर उठून दिसते हे खरे. पण या ओट्यावर भिंतीला टेकून डबे, मिक्सर, तेलाची किटली, मसाल्याचा डबा, कुकर असे सगळे उभे असते. नक्षी निम्मी झाकली जाणार आणि उरलेली डब्यांशी भांडणार. ओटा रिकामा ठेवणाऱ्या घरात मी हाच सल्ला उलटा दिला असता.

रंगीत काचेची सलग पट्टी हा जॉइंट नसलेला एकमेव पर्याय. गॅसमागे काच टफन केलेलीच हवी, आणि टफन झालेल्या काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, कापताही येत नाही. स्विचबोर्डच्या खाचा कारखान्यातच मापाने कापाव्या लागतात. खर्च टाइलच्या कितीतरी पट. शिवाय बिल्डिंगमधल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर रोज पुसावे लागतात. तो पर्याय लवकर मागे पडला. काळा ग्रॅनाइटच वर चढवण्याची सूचना सुताराने केली होती. एकाच खिडकीच्या स्वयंपाकघरात तो अंधार मला नको होता.

उरली साधी, नक्षी नसलेली, फिकट रंगाची मध्यम आकाराची टाइल. पण कोणता फिकट रंग?

पहिला निर्णय : दुकानात ठरवायचे नाही

टाइलच्या दुकानात दिवे भरपूर असतात आणि टाइल बहुतेक वेळा तिरप्या स्टँडवर किंवा जमिनीवर आडवी दिसते. घरात तीच टाइल उभी, आणि वरच्या कपाटाच्या सावलीत. या दोन परिस्थितींत एकाच टाइलचा रंग एवढा बदलतो की माणसाला वाटते दुकानदाराने दुसरीच पेटी पाठवली.

म्हणून पाच प्रकारांच्या पूर्ण टाइल अनामत ठेवून घरी आणल्या. चार इंची तुकड्यावरून रंग कळत नाही, पूर्ण टाइलच हवी. शटरचा एक नमुना सुताराकडून मागवला. टाइल ओट्यावर भिंतीला टेकवून उभ्या केल्या, शटरचा तुकडा शेजारी, आणि वर जिथे कपाटाचा तळ येणार होता तिथे सुताराने प्लायची फळी टेकू देऊन बसवली, म्हणजे सावली खरी पडेल. असे दोन दिवस ठेवले. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता पाहावे आणि एकमेकांना न विचारता मत द्यावे, एवढेच सांगितले.

कोणत्या वेळी पाहायचे यावर मात्र मी आग्रह धरला. या घरात स्वयंपाक सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ. खिडकी पश्चिमेची, म्हणजे सकाळी थेट ऊन नाही आणि रात्री उजेडच नाही. हे स्वयंपाकघर वर्षाचा बहुतेक काळ दिव्याखाली वापरले जाते. दुपारच्या सुंदर उजेडात टाइल निवडायची आणि ती ट्यूबखाली पाहत बसायची, हे अनेक घरांत होते. आम्ही आधी ट्यूबखाली पाहिले, मग जाळीतल्या दुपारी, मग जाळी बाजूला बांधून मोकळ्या उजेडात.

शुभ्र पांढरी टाइल रात्री ट्यूबखाली शटरशी छान जुळली. दुपारी जाळी काढल्यावर टाइल पिवळट आणि शटर निळे दिसू लागले. भाजलेल्या मातीवरचे ग्लेझ आणि ॲक्रिलिक हे दोन वेगळे पदार्थ. एका उजेडात जुळलेले त्यांचे पांढरे दुसऱ्या उजेडात जुळतीलच असे नाही. संगमरवरी नमुन्यासमोर क्रीम फरशी एकदम जुनी, उन्हाने पिवळी पडलेली वाटली. मुलाने ते स्वतःच सांगितले, मला काही बोलावे लागले नाही. सिमेंटी राखाडी सावलीत फार काळवंडली. फिकट शेवाळी हिरवी टाइल जाळीच्या उजेडात सर्वांना आवडली आणि रात्री ट्यूबखाली राखेसारखी मळकट दिसली. एप्रिलच्या दुपारी निर्णय घेतला असता तर तीच लागली असती.

पाचवी टाइल वाळूकडे झुकणाऱ्या फिकट राखाडी रंगाची होती, 12 बाय 24 इंची, सॅटिन फिनिशची, म्हणजे मंद चमकेची. दुकानात तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नव्हते. इथे ती शटरपेक्षा स्पष्टपणे गडद आणि फरशीपेक्षा थोडी थंड होती. तिच्यासमोर शटरचा निळसरपणा स्वच्छ पांढरा वाटू लागला, आणि फरशीचा क्रीम तिच्यातल्या वाळूशी नाते सांगू लागला. पांढऱ्याला पांढरे जुळवायचा प्रयत्न सोडला आणि शटरपासून पुरेसे अंतर ठेवले, तेव्हा कुठे तिन्ही रंग एकत्र बसले.

दुसरा निर्णय : आधी दिवा, मग टाइल

ही टाइलसुद्धा 6500 केल्विनच्या ट्यूबखाली थोडी सिमेंटसारखी दिसत होती. काकूंनी लगेच ओळखले: "रात्री हे बिना रंगाच्या भिंतीसारखं दिसते."

इथे टाइल बदलायची की दिवा, हा खरा निर्णयाचा क्षण होता. दिवा बदलणे स्वस्त, आणि तसेही वरच्या कपाटाखाली नवी पट्टी लागणारच होती. 3000 केल्विनचा बल्ब लावून पाहिला तर शटर पिवळी पडली. पांढऱ्या ट्रॉली घेतल्याचा अर्थच राहिला नाही. 4000 केल्विनवर, दुकानात ज्याला नॅचरल व्हाइट म्हणतात त्यावर, शटर पांढरी राहिली आणि टाइलमधला वाळूचा रंग वर आला. छताची ट्यूब आणि कपाटाखालची पट्टी दोन्ही 4000 च्याच घेतल्या. एक 6500 आणि एक 4000 असे मिसळले असते तर एकाच टाइलवर वर-खाली दोन रंग दिसले असते.

सॅटिन फिनिशचे कारणही हाच दिवा. कपाटाखालची एलईडी पट्टी चकचकीत टाइलवर ठिपक्यांच्या माळेसारखी उमटते. एलईडी पट्टी बसवायचे दुधी आवरणाचे प्रोफाइल आणि सॅटिन टाइल यांनी तो त्रास गेला.

तिसरा निर्णय : डाग लपवायचे की दाखवायचे

दुकानातला विक्रेता पुन्हा पुन्हा एकच सांगत होता की बारीक डिझाइनची किंवा उठावाची टाइल घ्या, डाग लपतात. काकूंचे उत्तर मला आजही इतर घरांत सांगावेसे वाटते: "डाग दिसला नाही त पुसणार कोण? दिसला की हात जाते आपोआप."

हा स्वच्छतेचा सरळ हिशेब आहे. तेलाचा थर लपला की तो साचतो, त्यावर उन्हाळ्यातली धूळ बसते आणि काही महिन्यांत तो चिवट पिवळा लेप होतो. सपाट, साध्या, फिकट टाइलवर रश्शाचा थेंब त्याच वेळी दिसतो आणि ओल्या फडक्याने जातो. उठावाच्या टाइल काकूंच्या या एका वाक्याने यादीतून गेल्या.

चौथा निर्णय : टाइल उभी आणि जॉइंट इपॉक्सीचे

टाइल आडवी लावली असती तर दोन ओळी आणि मधून, बरोबर कढईच्या उंचीवर, एक लांब आडवा जॉइंट. उभी लावली तर दोन फुटांची भिंत एकाच टाइलमध्ये भरते, आडवा जॉइंट उरतच नाही. एकूण जॉइंट 40 फुटांच्या आसपास आले. वर सांगितलेल्या 175 फुटांशी तुलना केली की फरक ध्यानात येतो.

यावर टाइलवाल्या मिस्त्रींनी अत्यंत मोलाची अडचण काढली. "ताई, म्हणतात चोवीस, पन टाइल भरते साडेतेवीसच. वर फट राहीन." ते खरे होते. बाजारात 12 बाय 24 म्हणून मिळणारी टाइल प्रत्यक्षात 300 बाय 600 मिलिमीटर असते, आणि 600 मिलिमीटर म्हणजे 23.6 इंच. ओटा आणि वरचे कपाट यांत सुताराने ठेवलेले अंतर 24 इंच होते. सेंटिमीटरभर फट उरली असती आणि ती पांढऱ्या सिमेंटने भरलेली, कायम डोळ्यांत खुपणारी.

वरची कपाटे अजून लागली नव्हती, हे आमचे भाग्य. अंतर 23 इंचांवर आणले. मग टाइलचा वरचा साधारण दीड सेंटिमीटर भाग कपाटामागे गेला. आणखी एक फायदा झाला: जुना ओटा लांबीत थोडा उतरता होता, पण टाइलचे वरचे टोक झाकले जाणार असल्याने खाली एकही कापा न देता प्रत्येक टाइल ओट्याच्या उतारानुसार बसवता आली. यासाठी क्रम महत्त्वाचा होता, आधी टाइल आणि मग वरची कपाटे. उलट क्रमात हे जमले नसते.

जॉइंटसाठी दोन प्रकारचे नमुने टाइलच्या तुकड्यांवर भरले, साधे सिमेंटचे आणि इपॉक्सीचे, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनचे. आठवडाभर सुकू दिले, मग काकूंनी त्यांवर हळद-तिखट घातलेले गरम तेल लावले आणि रात्रभर ठेवले. सकाळी भांड्यांच्या साबणाने धुतल्यावर सिमेंटचा जॉइंट केशरी राहिला, कारण तो सच्छिद्र असतो आणि तेल आत ओढतो. इपॉक्सीवर फिकट पिवळी छटा उरली, ती उन्हात ठेवल्यावर उडाली. हळदीतला कुरक्युमिन उन्हात विरतो. हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात टाकतात तो याचसाठी.

जॉइंटचा रंग पांढरा घ्यावा असे मुलाचे मत होते, शटरशी जुळेल म्हणून. पण पांढऱ्या जॉइंटने दर फुटावर एक उभी रेघ ठळक केली असती. टाइलपेक्षा किंचित गडद रंग घेतला, जॉइंट दोन मिलिमीटरचा ठेवला.

इपॉक्सीचा खर्च साध्या जॉइंटच्या काही पट येतो. घरच्यांनी ठरवले की गॅसच्या बाजूला इपॉक्सी आणि सिंकच्या बाजूला साधा सिमेंटचा जॉइंट. मी दोन्हीकडे इपॉक्सी सुचवली होती, पण बिल त्यांचे होते आणि तोपर्यंत चिमणीचा खर्चही वाढला होता.

प्रत्यक्ष काम

जुन्या टाइल ठोकून पाहिल्या, बऱ्याच पोकळ वाजल्या. त्यांच्यावर नव्या चिकटवण्याचा विचार सोडून सगळ्या काढल्या, प्लास्टर सारखे केले. काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आले, पाऊस लागायच्या आधी. त्या उष्णतेत ॲडहेसिव्ह फार लवकर सुकते, म्हणून मिस्त्रींनी भिंत ओली करून थोडे थोडेच कालवले. इपॉक्सीचे काम तर पहाटेच सुरू करायला लावले, कारण रेझिन आणि हार्डनर मिसळले की वेळ मोजका असतो, उष्णतेत तो आणखी कमी होतो, आणि टाइलवर राहिलेला चिकट थर वेळेत पुसला नाही तर नंतर खरवडावा लागतो.

ओटा आणि टाइल यांच्या मधल्या रेषेत जॉइंट न भरता सिलिकॉन सीलंट घातले. दगड आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, तिथे कडक जॉइंट भेगाळतो आणि त्या भेगेतून पाणी ट्रॉलीत उतरते.

पाच पेट्या घेतल्या, पेटीत पाच टाइल. प्रत्येक पेटीवरचा शेड आणि बॅचचा क्रमांक दुकानातच जुळवून पाहिला. एका पेटीचा शेड वेगळा निघाला, ती तिथेच बदलून घेतली. एकाच नावाच्या टाइलच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक असू शकतो आणि तो साध्या टाइलवर सर्वांत जास्त दिसतो.

परिणाम

स्वयंपाकघर जुलैअखेर चालू झाले. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक नव्या ओट्यावर झाला आणि दुसऱ्या दिवशी गॅसमागची भिंत साबणाच्या फडक्याने साफ झाली. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा गेला, जाळी पुन्हा चढली आणि उतरली. जाळीच्या दिवसांत टाइल किंचित हिरवट दिसते, पण शटरही तेवढीच दिसतात, म्हणून डोळ्यांना खटकत नाही. फरशी आता मुद्दाम निवडल्यासारखी वाटते. मुलाने मला सांगितले की पाहुणे ट्रॉलींचे कौतुक करतात, टाइलबद्दल कुणी बोलत नाही. या स्वयंपाकघरासाठी मला हेच हवे होते.

गॅसमागचे जॉइंट जसेच्या तसे आहेत. सिंकमागचे मात्र नाहीत. नागपूरला पेंच आणि कन्हानचे पाणी येते, पण या इमारतीत भांडी धुण्याच्या नळाला बोअरचे पाणी आहे आणि ते क्षारयुक्त आहे. सिंकमागच्या सिमेंटच्या जॉइंटवर पांढरट थर धरला. घरकामाला येणाऱ्या मावशींनी तो बाथरूमच्या ॲसिडने काढायचा प्रयत्न केला, त्यात जॉइंट जागोजागी खाल्ला गेला. ॲसिड सिमेंटलाच विरघळवते, त्यामुळे पुढचा थर आणखी पटकन धरतो. तो भाग आता खरवडून इपॉक्सीने भरायचा आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी गोष्ट शटरच्या रंगाची. फरशी आणि ग्रॅनाइट राहणार हे आधीपासून ठरलेले होते. अशा घरात शटर निवडायला जाताना फरशीचा एक तुकडा सोबत न्यावा. क्रीम फरशीशेजारी किंचित दुधी पांढरा घेतला असता तर टाइलला एवढी मध्यस्थी करावी लागली नसती आणि निवडीला जास्त वाव राहिला असता. जे बदलणार नाही ते आधी समोर ठेवावे, मग ट्रॉली, मग दिवा, आणि टाइल सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो.

स्विचबोर्ड. इलेक्ट्रिशियनने भिंत आधीच खोदली होती आणि दोन बोर्ड नेमके जॉइंटवर आले. टाइलचे माप ठरल्यावर भिंतीवर खडूने टाइल आखून घेतल्या असत्या तर बोर्ड सहाएक इंच सरकवून टाइलच्या मधोमध आणता आले असते. अर्ध्या तासाचे काम होते.

सिंकमागचा साधा जॉइंट. ही बचत अवघ्या सहा फुटांच्या भिंतीवर झाली. जिथे पाणी क्षारयुक्त आहे तिथे सिंकची बाजू गॅसच्या बाजूइतकीच कठीण धरावी. पुढच्या अशा घरात दोन्ही बाजूंच्या इपॉक्सीचा खर्च मी अंदाजपत्रकातच एकत्र धरेन, वेगळ्या ओळीत मांडणार नाही. वेगळी ओळ दिसली की ती कापली जाते.

सॅटिन फिनिशबद्दल मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करते. कपाटाखालच्या तिरप्या उजेडात तेलाचा पातळ थर सॅटिनवर लवकर दिसतो आणि एका फडक्यात जात नाही, साबण लागतो. चकचकीत टाइल पटकन पुसली जाते. या घरात रोज रात्री भिंत पुसण्याची काकूंची सवय आहे म्हणून सॅटिन टिकले. ती सवय नसेल तिथे चकचकीत टाइल घ्यावी आणि कपाटाखालची पट्टी पुढच्या कडेला न लावता दुधी आवरणासह मागे सरकवावी.

आणि सुनेची नक्षी. ओट्यामागे ती बसत नव्हती यावर मी आजही ठाम आहे. पण स्वयंपाकघराच्या दारालगत पाणी पिण्याच्या माठाची तीन फुटांची रिकामी भिंत होती, जिथे ना डबे ना तेल. त्या मोरक्कन टाइल तिथे लावता आल्या असत्या. ते कुणाला तेव्हा सुचले नाही. आता सिंकमागचे जॉइंट भरायला मिस्त्री येतील तेव्हा त्या भिंतीचे माप घ्यायला मी त्यांना सांगितले आहे, आणि सून दुकानातून दोन नमुने घरी आणणार आहे, पूर्ण टाइलचे.